गायींच्या बाळंतपणावरचा निबंध वाचायला माईकसमोर बसलेला पोरगा अमेरिकेतला सगळ्यात भरवशाचा कॉमेंटेटर झाला

साल १९३०. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं गेन्सव्हिल हे छोटंसं कॉलेजचं गाव. तिथल्या विद्यापीठाचं स्वतःचं रेडिओ स्टेशन होतं, नाव डब्ल्यूआरयूएफ. शेतकऱ्यांसाठी एक कार्यक्रम चालायचा, त्यात प्राध्यापक मंडळी आपापले निबंध वाचायची. एके दिवशी वाचायला येणारे प्राध्यापक उगवलेच नाहीत. वेळ तर भरून काढायला हवी. मग प्राध्यापकांच्या क्लबात झाडलोट करून शिक्षणाचा खर्च भागवणाऱ्या एका तांबड्या केसांच्या पोराला पकडून आणलं आणि माईकसमोर बसवलं.

त्याच्या हातात दिलेल्या निबंधाचा विषय होता गायींच्या बाळंतपणातल्या काही बाबी.

पोराने तो निबंध गुमान वाचून दाखवला. ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना गायींमध्ये रस होता ते सोडा, पण वाचणाऱ्याला मात्र रेडिओचा नाद लागला तो कायमचा. पुढची तीसेक वर्षं हाच आवाज अमेरिकेतल्या घराघरांत बेसबॉल पोहोचवत राहिला. त्याचं नाव वॉल्टर लॅनियर बार्बर. केसांच्या रंगामुळे सगळे त्याला रेड म्हणायचे.

रेड बार्बरचा जन्म १७ फेब्रुवारी १९०८ चा, मिसिसिपी राज्यातल्या कोलंबस गावचा. वडील रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर, आई शाळेत शिकवायची. रेड दहाएक वर्षांचा असताना घर फ्लोरिडातल्या सॅनफर्डला हललं. हे गाव लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तेव्हाच्या दक्षिण अमेरिकी राज्यांत गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. रेल्वेचा डबा वेगळा, पाण्याचा नळसुद्धा वेगळा. कु क्लक्स क्लानवाल्यांनी काळ्या माणसाला डांबर फासून, पिसं चिकटवून रस्त्याने चालवत नेलेलं रेडने लहानपणी पाहिलं होतं. त्याच्या स्वतःच्या घरात कोणाला वाईट वागवलं जात नव्हतं, पण ही व्यवस्थाच चूक आहे असंही कोणी म्हणत नव्हतं. तरुण रेडचं स्वप्न तर मिन्स्ट्रेल शोमध्ये नट व्हायचं होतं. म्हणजे गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची नक्कल करायची आणि गोऱ्या प्रेक्षकांनी पोट धरून हसायचं. तिकडे तो धंदा बसत चालला होता म्हणून, नाहीतर रेडची गाडी त्याच रस्त्याला लागली असती.

एकविसाव्या वर्षी रस्त्यावरच्या गाड्यांना हात करत करत तो गेन्सव्हिलला पोहोचला आणि विद्यापीठात नाव घातलं. गायींच्या निबंधानंतर मात्र शिक्षण मागे पडलं. तो त्याच स्टेशनवर नोकरीला लागला आणि बघता बघता तिथला मुख्य निवेदक झाला. गाणी, बातम्या, भाषणं, विद्यापीठाच्या फुटबॉल मॅच, जे पडेल ते करायचा. गावात राहूनच त्याने १९३१ मध्ये लायला स्कारबरो या नर्सशी लग्न केलं. या बाईंचा पुढे या गोष्टीत एक महत्त्वाचा वाटा आहे.

छोट्या स्टेशनवर काम करायचा एक फायदा असतो. चुका करायला जागा मिळते आणि सगळंच स्वतः करावं लागतं. पण रेडला मोठ्या शहरात जायचं होतं. सुट्टी मिळाली की तो बसने उत्तरेला जायचा, मोठ्या स्टेशनांची दारं ठोठवायचा आणि नकार घेऊन परत यायचा.

शेवटी १९३४ मध्ये दार उघडलं. सिनसिनाटी शहरात पॉवेल क्रॉस्ली नावाचा उद्योगपती रेडिओचे सेट बनवायचा. सेट विकायचे तर लोकांना ऐकायला काहीतरी पाहिजे, म्हणून त्याने रेडिओ स्टेशनं काढली. स्टेशनला कार्यक्रम पाहिजेत. त्याच सुमाराला शहरातला सिनसिनाटी रेड्स हा बेसबॉल क्लब कर्जात बुडालेला होता. क्रॉस्लीने तोही विकत घेतला. आता मॅचचं वर्णन करायला माणूस हवा होता. फ्लोरिडातल्या त्या पोराला आठवड्याला २५ डॉलरवर बोलावणं गेलं.

आता गंमत बघा. १७ एप्रिल १९३४ ला रेडने मोठ्या लीगच्या मॅचचं पहिल्यांदा वर्णन केलं. आणि मोठ्या लीगची मॅच प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचीही ती त्याची पहिलीच वेळ होती. शिकागो कब्जच्या लॉन वॉर्नेकीने त्या दिवशी सिनसिनाटीला अख्ख्या मॅचमध्ये एकच हिट दिली आणि कब्जने मॅच ६-० ने मारली. रेडच्या आवाजात मात्र नवखेपणा जाणवला नाही असं म्हणतात.

त्याच दशकात आपल्याकडे मुंबईच्या मैदानातून बॉबी तल्यारखान एकट्याच्या जिवावर दिवसभर क्रिकेटचं वर्णन करत होते. टीव्ही नव्हता, रिप्ले नव्हता. ऐकणाऱ्यासाठी मैदानात काय घडलं ते ठरवणारा माणूस एकच, माईकवाला. त्याने चेंडू सीमापार गेला म्हटलं की गेला. एवढी मोठी सत्ता हातात आली की माणूस काय करतो, यावर त्याची पारख होते.

यासाठी त्या काळातला एक धंदा समजून घ्यायला लागेल.

आपला संघ बाहेरगावी खेळायला गेला की कॉमेंटेटरला सोबत पाठवायचा खर्च स्टेशनला परवडायचा नाही. मग बाहेरगावच्या मैदानात तारखात्याचा माणूस बसायचा आणि प्रत्येक चेंडूला काय झालं ते मोर्स कोडमध्ये कडकट्ट करून पाठवायचा. इकडे स्टुडिओत दुसरा माणूस ते कागदावर उतरवायचा. कागदावर असायचे दोन-चार शब्द. पहिला बॉल, स्ट्राइक. दुसरा बॉल, फाउल. त्यावरून कॉमेंटेटरने अख्खी मॅच उभी करायची. बहुतेक स्टेशनं मग टाळ्यांची रेकॉर्ड लावायची, लाकडावर लाकूड आपटून बॅटचा आवाज काढायची. ऐकणाऱ्याला वाटायचं हा गडी मैदानातच बसलाय.

यातला सगळ्यात गाजलेला किस्सा आयोवा राज्यातल्या एका तरुण स्पोर्ट्स अनाउन्सरचा आहे. मॅच ऐन रंगात असताना तार तुटली. आता काय सांगायचं? या पठ्ठ्याने बॅटरला एकामागून एक फाउल मारायला लावले. तार जोडली जाईपर्यंत काही मिनिटं तो बिचारा बॅटर फाउलच मारत राहिला. हा किस्सा तो स्वतःच पुढे आयुष्यभर रंगवून सांगायचा. त्याचं नाव रोनाल्ड रेगन, म्हणजे पुढे जाऊन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले तेच.

रेड बार्बरलाही अशा मॅच कराव्या लागायच्या. पण तो माईक मुद्दाम तारयंत्राच्या जवळ ठेवायचा. कडकट्ट आवाज ऐकणाऱ्याला स्पष्ट ऐकू गेला पाहिजे. आपण मैदानात नाही, स्टुडिओत बसून कागद वाचतोय, हे लोकांना कळलंच पाहिजे असा त्याचा हट्ट. तार तुटली की तो सरळ सांगून टाकायचा की तार तुटली आहे.

रेगन यांच्या किश्शात मजा जास्त आहे हे मान्यच करायला पाहिजे. पण खरं काय ते ऐकायचं असेल तर स्टेशन कोणतं लावायचं, हे लोकांना कळत होतं.

१९३५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. २४ मे ला सिनसिनाटीत मोठ्या लीगची पहिली रात्रीची मॅच झाली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून बटण दाबलं आणि मैदानावरचे दिवे लागले. माईकवर रेड होता. दुसरी गोष्ट त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजची. मॅचच्या आधी बेसबॉलचे कमिशनर केनेसॉ लँडिस यांनी सगळ्या कॉमेंटेटरांना बोलावलं. हे मूळचे न्यायाधीश, स्वभाव कडक. त्यांनी बजावलं की खेळाडूने कसं खेळावं, पंचाने काय निर्णय द्यावा हे सांगायचं काम तुमचं नाही. जे दिसतं ते सांगा. माझ्या खुर्चीपाशी येऊन कोणी माझ्यावर थुंकलं तर तेही सांगा, किती थुंकलं तेही सांगा, पण मला काय वाटलं असेल याची काळजी तुम्ही करू नका.

बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं असेल. रेडने ते पदराला बांधलं.

१९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. तिथल्या तिन्ही क्लबांनी मिळून पाच वर्षं रेडिओवर बंदी घातली होती. घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट काढून कोण येईल ही भीती. आपल्याकडे टीव्हीबद्दल पुढे हीच ओरड झाली. ब्रुकलिन डॉजर्सचा कारभार हाती घेतलेल्या लॅरी मॅकफेलने ती बंदी मोडली आणि सिनसिनाटीतला आपला जुना माणूस बोलावून घेतला.

ब्रुकलिन म्हणजे कामगारांची, स्थलांतरितांची वस्ती. इटालियन, ज्यू, आयरिश, पोलिश, सगळी खिचडी. तिथे हा दक्षिणेतला माणूस संथ, गोड हेल काढून बोलायचा. खरं तर लोकांनी त्याची टर उडवायला हवी होती. झालं उलटंच. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या आणि प्रत्येक खिडकीतून रेडचा आवाज यायचा. रस्त्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेलं तरी एकही बॉल चुकायचा नाही, असं तेव्हाचे ब्रुकलिनकर सांगायचे. आपल्याकडे चाळीत कसोटीच्या दिवसांत असंच असायचं, फक्त ट्रान्झिस्टर कॅरिडॉरच्या कठड्यावर ठेवलेला असायचा.

तो गावाकडची बोली बिनधास्त वापरायचा. मैदानात खेळाडूंची जुंपली की त्याला तो रुबार्ब म्हणायचा. रुबार्ब ही खरं म्हणजे एक आंबट भाजी. एखादा संघ मजबूत स्थितीत असला की तो कॅटबर्ड सीटवर बसलाय म्हणायचा, म्हणजे सगळ्यात उंच फांदीवर बसून मजा बघणाऱ्या पक्ष्यासारखा. हा शब्द त्याने सिनसिनाटीत पत्ते खेळताना उचलला होता. त्या डावात तो पैसे हरला, त्यामुळे शब्द आपण विकत घेतलाय असं तो सांगायचा. लेखक जेम्स थर्बर यांनी १९४२ मध्ये याच नावाची एक कथा लिहिली आणि तो शब्द शिकल्यासवरलेल्या मंडळींतही पोहोचला.

माईकशेजारी तो तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा. अंडं उकडताना वापरतात तसलं. वाळू खाली आली की घड्याळ उलटं करायचं आणि स्कोअर सांगायचा. कारण रेडिओ आत्ताच लावलेला माणूस स्कोअरची वाट बघत ताटकळत असतो आणि कॉमेंटेटर मात्र बोलण्याच्या नादात असतो. स्कोअर न सांगता गप्पा छाटणारी मंडळी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना या घड्याळाची किंमत कळेल.

२६ ऑगस्ट १९३९ ला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवरून मोठ्या लीगची मॅच पहिल्यांदा टीव्हीवर दिसली. कॉमेंटेटर रेडच. दोन कॅमेरे होते, पण त्याच्यासमोर मॉनिटर नव्हता. कुठला कॅमेरा चालू आहे आणि तो काय दाखवतोय याचा अंदाज बांधत बोलायचं. मधल्या वेळात जाहिरातीही त्यानेच केल्या. बशीत व्हीटीज ओतलं, त्यावर केळं कापून टाकलं. एकदा साबण हातात धरून दाखवला. टीव्ही असलेली घरं तेव्हा इतकी थोडी होती की हे फारच कमी लोकांनी पाहिलं.

आता येतो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग.

मार्च १९४५. डॉजर्सचा कारभार आता ब्रँच रिकीकडे होता. रिकी रेडला जेवायला घेऊन गेला आणि त्याला एक गुपित सांगितलं. तोपर्यंत ते रिकीच्या घरचे आणि क्लबचे संचालक यांनाच माहीत होतं. रिकी डॉजर्समध्ये काळा खेळाडू आणणार होता. कोण, ते अजून ठरलं नव्हतं. पण आणणार हे नक्की.

त्या वेळी मोठ्या लीगमध्ये सहा दशकांत एकही काळा खेळाडू खेळलेला नव्हता. लेखी नियम कुठेच नाही, पण कुणी मोडतही नव्हतं. काळ्या खेळाडूंच्या लीग वेगळ्या.

रेड घरी आला आणि त्याने लायलाला सांगितलं की आपण नोकरी सोडतोय. ज्या गावात, ज्या संस्कारात वाढलो तिथल्या माणसाला हे जमणार नाही. लायलाही दक्षिणेतलीच. तिने वाद घातला नाही, उपदेश केला नाही. राजीनामा आजच द्यायला पाहिजे असं थोडंच आहे, आधी एक एक मार्टिनी घेऊ, असं तिने सुचवलं.

या एका संध्याकाळच्या उशिराने बेसबॉलच्या इतिहासावर काय परिणाम केला याचा हिशोब मांडता येणार नाही. पण राजीनामा लांबला आणि रेडला विचार करायला वेळ मिळाला.

आणि त्याने विचार केला. त्याने नंतर हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं आहे, त्यामुळे आपल्याला कळतं. स्वतःला गोरा म्हणवून घेण्यात आपलं कर्तृत्व काय, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. आईबाप आपण निवडले नाहीत, कातडीचा रंग निवडला नाही. मग ज्याची कमाई आपण केलेली नाही त्याचा एवढा अभिमान कशाला? त्याच सुमाराला त्याच्या चर्चच्या पाद्र्याने त्याला ज्यू आणि ख्रिश्चन यांच्यातल्या बंधुभावावर बोलायला सांगितलं होतं. त्या भाषणाची तयारी करता करता तो पुन्हा त्याच प्रश्नापाशी आला. दुसऱ्याला बंधुभाव शिकवायचा आणि स्वतः नोकरी सोडून पळायचं, हे काही जुळेना.

आणि मग त्याला लँडिस यांचे शब्द आठवले. जे दिसतं ते सांगा. तुमचं मत कोणी विचारलेलं नाही. एक माणूस बॅट घेऊन येईल, मारेल किंवा बाद होईल. ते सांगायचं. बस्स.

एका रात्रीत त्याचं हृदयपरिवर्तन झालं असं चित्रपटात दाखवतात. तसं काही झालं नाही. त्याला अवघड गेलं, वेळ लागला, आणि ते त्याने कधी लपवलं नाही. रिकीचा हिशोबही समजून घ्यायला हवा. हा खेळाडू येईल तेव्हा त्याचं वर्णन रोज घराघरांत पोहोचवणारा माणूस दक्षिणेतला असेल, आणि त्याच्या आवाजात तिरस्काराचा कण जरी आला तरी तो लगेच ओळखू येईल, हे रिकीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने रेडला इतक्या आधी विश्वासात घेतलं.

तो खेळाडू होता जॅकी रॉबिन्सन. आधी त्याला डॉजर्सच्या हाताखालच्या मॉन्ट्रियल संघात घेतलं. १९४६ च्या मार्चमध्ये त्या संघाचं सराव शिबिर फ्लोरिडात लागलं. गाव कोणतं? सॅनफर्ड. रेड बार्बर जिथे लहानाचा मोठा झाला तेच. गावातल्या गोऱ्यांनी इतक्या धमक्या दिल्या की रॉबिन्सनला तिथून काढून डेटोना बीचला हलवावं लागलं. त्यानंतर पुन्हा एकदा तो सॅनफर्डला मॅच खेळायला आला, तर पोलीस प्रमुखाने येऊन त्याला मैदानाबाहेर घालवलं.

१५ एप्रिल १९४७ ला ४२ नंबरची जर्सी घालून रॉबिन्सन डॉजर्सकडून एबेट्स फील्डवर उतरला. माईकवर सॅनफर्डचाच माणूस होता.

रेडने ठरवलं होतं की त्याच्या रंगाचा उल्लेख करायचा नाही. वाईट तर नाहीच, पण उगाच कौतुकानेसुद्धा नाही. पायाची चपळाई, बेस चोरताना घेतलेली धाव, पहिल्या बेसवर पकडलेला बॉल. बाकीच्या आठ जणांबद्दल जसं बोलायचं तसंच नवव्याबद्दल. त्या मोसमात मैदानात रॉबिन्सनला प्रेक्षकांच्या आणि विरोधी खेळाडूंच्या शिव्या खाव्या लागल्या, जिवे मारण्याची पत्रं आली. पण ब्रुकलिनच्या खिडक्यांतून जो रॉबिन्सन ऐकू येत होता तो फक्त एक जबरदस्त खेळाडू होता.

यावर आज कोणी म्हणेल की अन्याय समोर दिसत असताना गप्प राहणं बरोबर आहे का? प्रश्न वाजवी आहे. पण १९४७ मध्ये एका काळ्या माणसाबद्दल रोज तीन तास, बाकीच्यांइतक्याच आदराने आणि बाकीच्यांसारखंच बोलणारा आवाज सार्वजनिक जीवनात जवळपास नव्हताच. रॉबिन्सनने आपल्याला माणूस म्हणून बरंच काही शिकवलं, हे रेड पुढे उघडपणे मान्य करायचा.

त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याच्यावर वेगळंच बालंट आलं. ३ ऑक्टोबरला चौथी मॅच, यँकीजविरुद्ध डॉजर्स. यँकीजच्या बिल बेव्हन्सने एकही हिट दिलेली नव्हती. वर्ल्ड सिरीजमध्ये असा नो-हिटर तोवर कोणी टाकलेला नव्हता. बेसबॉलमध्ये अंधश्रद्धा अशी की नो-हिटर चालू असताना त्याचं नाव काढायचं नाही, नाहीतर नजर लागते. आधीच्या भागाचं वर्णन करणाऱ्या मेल ॲलनने ती पाळली. रेडच्या हातात माईक आला आणि त्याने लगेच सांगून टाकलं की डॉजर्सच्या नावावर एकही हिट नाही.

नवव्या डावात दोन बाद झाले होते. फक्त एक माणूस बाद व्हायचा बाकी. यँकीज २-१ ने पुढे. आणि कुकी लॅव्हाजेटोने भिंतीवर बॉल मारला, दोघे पळून आले, डॉजर्स ३-२ ने जिंकले. डॉजर्सची त्या मॅचमधली ती एकमेव हिट. यँकीजच्या चाहत्यांनी सगळं खापर रेडवर फोडलं. बेव्हन्सने त्या दिवशी दहा जणांना फुकट पहिल्या बेसवर सोडलं होतं, त्याबद्दल कोणी बोललं नाही. रेडचं म्हणणं साधं होतं. स्कोअरबोर्डवर जे लिहिलंय ते रेडिओवरच्या माणसाला न सांगणं म्हणजे त्याची फसवणूक.

याच काळात तो सीबीएस रेडिओच्या क्रीडा विभागाचा प्रमुख होता. १९४९ मध्ये एका फुटबॉल मॅचसाठी माणूस कमी पडला म्हणून त्याने नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या एका पोराला बोस्टनला पाठवलं. तिथे बूथ मिळालाच नाही. पोराने कोट आणि हातमोजे हॉटेलवर ठेवलेले. नोव्हेंबरच्या थंडीत तो मैदानाच्या छपरावर उभा राहून कुडकुडत बोलत राहिला, पण रेडिओवर एका शब्दाने तक्रार केली नाही. रेडला हे कळलं ते नंतर यजमानांनी माफी मागितली तेव्हा. पोरगा त्याच्या मनात भरला. पुढच्याच वर्षी तो डॉजर्सच्या बूथमध्ये आला. हा विन स्कली. तो २०१६ पर्यंत, तब्बल ६७ मोसम डॉजर्सच्या मॅच करत राहिला. रेड त्याच्याशी खडूस मास्तरासारखा वागायचा. मॅचच्या आधी बिअर घेताना दिसला तर झापायचा. मैदानावर लवकर ये, खेळाडूंशी बोल, दुसऱ्या कॉमेंटेटरांना ऐकून त्यांची नक्कल करू नकोस, असे धडे रोजचे.

१९५३ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या जाहिरातदार कंपनीने मॅचला २०० डॉलर देऊ केले, बोलणी करायची नाहीत, घ्यायचे तर घ्या. रेड नाही म्हणाला. क्लबचा मालक वॉल्टर ओ'मॅली आपल्या पाठीशी उभा राहील असं त्याला वाटलं होतं. ओ'मॅलीने हात वर केले. रेडने ब्रुकलिन सोडलं आणि यँकीजकडे गेला. त्याच्या जागी ती सिरीज २५ वर्षांच्या स्कलीने केली, तीही रेडचा होकार घेऊन.

यँकीजकडे त्याचं मन ब्रुकलिनइतकं रमलं नाही. जमाना बदलत होता. बूथमध्ये निवृत्त खेळाडू येऊन बसू लागले, हसणं खिदळणं, किस्से. रेडला ते सोसायचं नाही. त्यालाही सहकारी म्हणून सोसणं सोपं नव्हतं, हेही खरं.

१९६६ मध्ये यँकीज गुणतक्त्यात तळाला गेले. क्लब आता सीबीएस कंपनीच्या मालकीचा होता. २२ सप्टेंबरला यँकी स्टेडियममध्ये शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध मॅच होती. साठ हजारांहून जास्त माणसं मावतील अशा त्या मैदानात त्या दिवशी ४१३ प्रेक्षक होते. चारशे तेरा.

रेड टीव्हीवर होता. त्याने दिग्दर्शकाला सांगितलं, कॅमेरा रिकाम्या स्टँडवरून फिरव. नकार आला. पुन्हा सांगितलं, पुन्हा नकार. वरून तसा हुकूम होता. तेव्हा रेडने तोंडानेच सांगितलं. या स्टेडियमच्या इतिहासातली ही सगळ्यात छोटी गर्दी असावी आणि आजची बातमी मॅच नसून ही गर्दीच आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला.

काही दिवसांनी यँकीजचे नवे अध्यक्ष माइक बर्क यांनी त्याला नाश्त्याला बोलावलं. रेडला वाटलं नव्या कराराची बोलणी असतील. करार वाढवणार नाही, एवढंच त्याला सांगण्यात आलं. निर्णय आधीच झाला होता, ४१३ चा त्याच्याशी संबंध नाही, असंही म्हटलं जातं. लोकांच्या लक्षात मात्र ४१३ राहिले.

रेड ५८ वर्षांचा होता. तो पुन्हा कोणत्याही क्लबचा कॉमेंटेटर झाला नाही. फ्लोरिडाला परत गेला, पुस्तकं लिहू लागला. त्यातलं १९४७ च्या मोसमावरचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. मार्च १९४५ चं ते जेवण आणि त्यानंतरची घालमेल त्यात आहे. १९७८ मध्ये बेसबॉल हॉल ऑफ फेमने कॉमेंटेटरांसाठी फोर्ड फ्रिक पुरस्कार सुरू केला आणि तो पहिल्यांदा मेल ॲलन आणि रेड बार्बर या दोघांना मिळून दिला. नजर लागेल म्हणून गप्प बसणारा आणि न बसणारा, दोघेही एकाच मंचावर.

त्याच्यासाठी गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण १९८१ मध्ये एनपीआर या सार्वजनिक रेडिओने त्याला सकाळच्या कार्यक्रमात दर शुक्रवारी चार मिनिटं बोलायला बोलावलं. निवेदक बॉब एडवर्ड्स वॉशिंग्टनच्या स्टुडिओत आणि रेड टॅलहासीच्या आपल्या घरी, सगळं लाइव्ह. विषय खेळ असं ठरलेलं. एडवर्ड्स प्रश्न तयार करून बसायचा आणि रेड अंगणात कॅमेलियाची फुलं कशी आली आहेत, मांजराने काय केलं, हे सांगायला लागायचा. मग अचानक चाळीस वर्षांपूर्वीची एखादी मॅच. रॉबिन्सन खेळताना जन्मलेलीही नव्हती अशी पोरं शुक्रवारी सकाळी गाडीत रेडिओ लावून या म्हाताऱ्याची वाट बघायची. वाळूच्या घड्याळाचा माणूस, वेळेचा पक्का. चार मिनिटांत बरोबर आवरायचा.

हे अकरा वर्षांहून जास्त काळ चाललं. २२ ऑक्टोबर १९९२ ला टॅलहासीत रेड बार्बरचं निधन झालं, वयाच्या ८४ व्या वर्षी. पुढच्या वर्षी बॉब एडवर्ड्सने त्या शुक्रवारच्या गप्पांवर एक पुस्तक लिहिलं.